भुकेशिवायचे दहा महिने

ऑपरेशनची आदली रात्र

बॅग भरून दाराशी ठेवली आहे. ताई पलीकडच्या खोलीत झोपली आहे. म्हणजे झोपल्याचं दाखवते आहे, कारण मघापासून तिचा दिवा दोनदा लागला आणि विझला. उद्या माझं वजन उतरवायचं ऑपरेशन, मलाही झोप नाही, म्हणून ही वही उघडली.

गेले दोन आठवडे पातळ पदार्थांवर आहे. यकृतातली चरबी उतरून ते जरा आकसलं की त्याच्याखालचं जठर सर्जनना दुर्बिणीतून नीट दिसतं, त्यासाठी हे पथ्य. ११८ किलोंवरून ११३ वर आले. आई फोनवर म्हणाली, "अगं, पंधरा दिवसांत पाच किलो उतरलं की! मग पोट कापून घ्यायचं काय अडलंय?" तिच्यावर चिडावंसं वाटलं नाही. असे पाच-पाच किलो मी किती वेळा उतरवले ते तिला ठाऊक आहे. दर वेळी ते सहा-सात होऊन परत आले, हेही तिने पाहिलं आहे. फक्त बोलून दाखवलं नाही कधी.

उंची १६० सेंटीमीटर, पथ्याआधीचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४६. झोपेत श्वास अडतो म्हणून चार वर्षं नाकावर मास्क लावून झोपते. गुडघे जिना चढू देत नाहीत. हे सगळं फाइलमध्ये आहे. फाइलमध्ये नाही ते इथे लिहिते. मला भूक लागते. जेवून हात धुतानाही लागते. लोकांच्या पोटात कावळे ओरडतात ते जेवायला उशीर झाला म्हणून. माझे कावळे जेवणानंतर तासाभरात परत हजर. आणि हे कुणाला सांगायची सोय नाही, कारण उत्तर ठरलेलं: तोंडावर ताबा ठेव. सोळाव्या वर्षी पहिल्यांदा जेवण सोडून वजन उतरवलं, तेव्हापासून आज बेचाळिसाव्या वर्षापर्यंत मीही स्वतःला हेच सांगत आले.

दुपारी संमतिपत्रावर सही केली. जठराचा पाऊण भाग, थोडा जास्तच, कापून काढणार. उरेल ती एक अरुंद नळी. वजन उतरवायच्या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये, गॅस्ट्रिक बायपासमध्ये, जठर आत राहतं, इथे काढलेला भाग शरीराबाहेर जातो. तो परत बसवता येत नाही. 'कायमस्वरूपी' या शब्दापाशी पेन थांबलं होतं. ताईने काही न बोलता पाठीवर हात ठेवला.

ऑपरेशनचा दुसरा दिवस

काल काही लिहिण्याच्या अवस्थेत नव्हते. आज अक्षर वाकडं येतंय, पण लिहायचं आहे.

पोटावर पाच छोटी छिद्रं आहेत. ती दुखतात, पण मी घाबरले होते तितकी नाही. खरा त्रास डाव्या खांद्याचा. भुलीतून जाग आली आणि वाटलं, खांद्यावर पडले की काय मी! सिस्टर म्हणाल्या, ऑपरेशनसाठी पोटात गॅस भरतात, तो थोडा आत उरतो, श्वासपटलाला टोचतो आणि दुखतं मात्र खांद्यात. चालल्याने हळूहळू जातो. संध्याकाळी दोघींनी धरून उभं केलं, सलाईनचा स्टँड हातात दिला. दारापर्यंत सात पावलं, परत सात. पायांत घट्ट मोजे, दंडाला सुई, पोटावर रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शन. रात्रभर कुणीतरी येऊन नाडी बघत होतं. टाके लावलेल्या जागेतून गळती झाली तर आधी नाडीच धावते म्हणे. दर वेळी त्या आकडा लिहीपर्यंत मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं यंत्र दिलं आहे. नळीतून श्वास आत ओढला की प्लास्टिकच्या गोळ्या वर जातात. सकाळी एक उचलली. दुसरी नुसती थरथरली.

आणि पाणी. अकरा वाजता औषधाच्या मापाचा एवढासा कप आला, ३० मिलिलिटरचा. म्हणाल्या, हा पंधरा मिनिटांत संपवा, घाई नको. पहिला घोट घेतला, म्हणजे ओठ ओले केले म्हणायला हवं. तो थेंब घशातून उतरताना मला पूर्ण कळला. छातीच्या मधोमध आला, तिथे थांबला, मग आत कुठेतरी एक बारीकसं दार उघडल्यासारखं झालं आणि तो खाली गेला. मी ताईकडे बघितलं. ती कपाकडे बघत होती. पंधरा मिनिटांत अर्धाच कप संपला आणि पोट गच्च भरलं. अर्धा कप पाणी!

बारावा दिवस

घरी येऊन आठ दिवस झाले. पातळ सूप, पाणी, प्रोटीनची पावडर, परत पाणी. दिवस घोटाघोटाने जातो. दीड लीटर पाणी पोटात जायला हवं आणि एका वेळी दोन घोटांच्या वर जात नाही, म्हणजे जागी आहे तोवर पिणं हेच काम.

आज ताईने सहज विचारलं, "भूक लागली का गं?" मी 'हो' म्हणणार होते. सवयीने. तोंड उघडलं आणि आत चाचपून बघितलं, तर तिथे काहीच नव्हतं. ठणकता दात औषधाने शांत होतो, तरी जीभ पुन्हापुन्हा तिथे जाऊन खात्री करते ना, तसं मी दिवसभर करत राहिले. सकाळी दहाला. जेवणाच्या वेळेला. शेजारी ताई जेवत होती, वास येत होता, छानच वाटला तो वास. पण पोट गप्प.

संध्याकाळी रडू आलं. ताईला वाटलं, दुखतंय. दुखत नव्हतं. मला एवढंच कळलं होतं की इतर माणसं अशी जगतात. दोन जेवणांच्या मधले तास त्यांना असेच मोकळे मिळतात. त्यात ती काम करतात, वाचतात, खिडकीतून बाहेर बघतात. मी ते तास कशाशी झुंजण्यात घालवले हे त्यांना सांगूनही कळलं नसतं, आणि मला त्यांचं कळणं शक्यच नव्हतं.

सव्विसावा दिवस

तपासणीला गेले. काटा नऊ दिवस १०६ वर अडकला आहे. आहारतज्ज्ञ म्हणाल्या, तिसऱ्या आठवड्याच्या आसपास बऱ्याच जणांचं असं होतं, काटा आठवड्यातून एकदाच बघा.

सर्जनना भुकेचं विचारलं. त्यांनी कागदावर जठर काढलं, वरच्या घुमटासारख्या भागावर रेघोट्या मारल्या. घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक मुख्यतः इथे तयार होतं, आणि या ऑपरेशनमध्ये नेमका हाच भाग जातो. उपाशी राहून वजन उतरवलं की रक्तातलं घ्रेलिन उलट वाढतं, वर्षभरानंतरही ते चढलेलं राहू शकतं. गेलेली चरबी शरीर परत मागत राहतं. १९९९ मध्ये जपानमधल्या कोजिमा आणि कांगावा या संशोधकांनी घ्रेलिन शोधलं.

१९९९. मी सोळा वर्षांची होते. त्याच वर्षी मी पहिल्यांदा जेवण सोडलं होतं, आठ किलो उतरवले होते आणि पुढच्या वर्षी अकरा परत आल्यावर आरशासमोर स्वतःच्या दंडाला चिमटे काढले होते. तो कागद मागून घेतला. या वहीत ठेवला आहे.

दोन महिने

आज मऊ अंडं खाल्लं. चौथा घास घ्यायला नको होता. तीन घासांनंतर नाकात किंचित पाणी आलं होतं, ती 'पुरे'ची खूण असते हे मला आता माहीत आहे, तरी घेतला. छातीत दगड बसला, तोंडात पाणी सुटत राहिलं, मग फेसाळ उलटी. पाऊण तास न्हाणीघराच्या फरशीवर बसून होते.

घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. आधी प्रथिनं, दिवसाला किमान ६० ग्रॅम, मग जागा उरली तर बाकीचं. शिवाय लोह, बी-१२, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, आणि वेगाने वजन उतरताना पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिन्यांची गोळी. यातलं बरंचसं जन्मभर.

साडेतीन महिने

९५ किलो. केस मूठमूठ जातात. हे होणार, आणि काही महिन्यांनी थांबणार, असं आधीच सांगितलं होतं. माहीत असणं आणि न्हाणीघराच्या जाळीतून रोज तो गोळा उचलणं यात फरक आहे.

काल रात्रीचं मात्र लिहायलाच हवं. आईशी फोनवर वाद झाला, जुनाच, बाबांवरून. फोन ठेवला आणि पुढचं मला आठवतं ते फ्रिजचं उघडं दार. मी समोर उभी. थंड हवा पायांवर येत होती. पोटात भुकेचा लवलेश नव्हता, तरी हात डब्याच्या झाकणावर होता.

तशीच उभी राहिले किती तरी वेळ. आजवर पोटातल्या कावळ्यांच्या कलकलाटात हा दुसरा आवाज ऐकूच आला नव्हता. भूक होती तोवर सगळं तिच्याच नावावर जमा होत होतं. जठराचा तुकडा गेला, पण हा हात जिथल्या तिथे आहे, आणि त्यावर सर्जनच्या कागदात उत्तर नाही. झाकण लावलं. ताईला फोन केला. ती आता तिच्या घरी गेली आहे. एक तास बोललो, बाबांविषयीच. पुढच्या आठवड्यात समुपदेशकाची वेळ घेतली आहे. ऑपरेशनच्या आधी त्यांची एक भेट सक्तीची होती, तेव्हा मी सगळं छान आहे असं सांगून आले होते.

सहा महिने

८६. मास्क सुटला. झोपेची तपासणी पुन्हा केली, आता त्याची गरज नाही. यंत्र पुसून खोक्यात ठेवलं.

ऑफिसातल्या एकीने विचारलं, काय केलंस? मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा, म्हणजे शॉर्टकट." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला राग आला आणि तो अजून आहे. तिच्यावर कमी. जास्त राग त्या डॉक्टरांवर, ज्यांच्याकडे मी कधीकाळी पाठदुखी घेऊन गेले आणि न तपासताच "आधी खाणं आवरा" असं ऐकून परत आले. आणि सर्वांत जास्त माझ्यावर, कारण मी त्यांना दुजोरा देत मान डोलावली होती. सव्वीस वर्षं मी त्या सोळा वर्षांच्या मुलीला हावरट म्हणत आले. तिला भूक लागत होती. तिचं शरीर तिला खरंच भूक लावत होतं.

समुपदेशक म्हणतात, हे लिहा. लिहिलं.

दहा महिने

७९ किलो. गेले सहा आठवडे काटा जवळजवळ हललेला नाही. दंडांची आणि पोटाची कातडी सैल लोंबते, उन्हाळ्यात तिच्याखाली पुरळ येतं. केस परत येतायत, कपाळाजवळ आखूड, ताठ.

आज सकाळी कामात होते. साडेअकराच्या सुमारास पोटात काहीतरी हललं. आधी वाटलं, गॅस. मग ओळखीचं वाटलं आणि हातपाय गार पडले. भूक होती.

वर्षाच्या आसपास ती थोडीफार परत येते, असं सांगितलेलं होतं. तरी पहिली दहा मिनिटं मी नुसती खुर्चीला धरून बसले, आता ती वाढत जाणार, मला धरून ओढणार, या भीतीने. ती वाढली नाही. दार वाजवून बाहेर थांबलेल्या माणसासारखी थांबली. हातातलं पत्र पूर्ण करून पाठवलं. मग उठून डबा उघडला. एक उकडलेलं अंडं होतं आणि थोडं दही. अंड्याचे चार तुकडे केले. पहिला तुकडा चावला, गिळला, वाट पाहिली. दुसरा. तिसऱ्याला चव लागली, भुकेल्या माणसाला लागते तशी, मिठाची आणि पिवळ्या बलकाची. इतक्या महिन्यांत मी खाल्लं, पण असं लागलं नव्हतं.

चौथा तुकडा उरला. नाकात पाणी आलं होतं. डबा बंद केला आणि ताईला मेसेज केला, "मला भूक लागली होती."

तिचा लगेच फोन आला. "मग? काय केलंस?"

"जेवले," म्हटलं.