पायगुण

मी टोरंटोत आलो 2004 च्या सप्टेंबरात. त्याच महिन्यात एनएचएल या इथल्या आइस हॉकी लीगमध्ये पगारावरून मालकांचं आणि खेळाडूंचं बिनसलं, टाळेबंदी झाली आणि पुढच्या फेब्रुवारीत एनएचएलचा अख्खा मोसम रद्द झाला. म्हणजे आइस हॉकीबद्दल मला कळलेली पहिली गोष्ट ही, की ती यंदा नाही. मिरजेहून आलेल्या माणसाला त्याचं सोयरसुतक असायचं कारण नव्हतं. पण पुढं मी मेपल लीफ्सच्या, म्हणजे टोरंटोच्या संघाच्या, नादाला लागलो आणि घरात तारखांची जुळवाजुळव झाली. मी यायच्या पाच महिने आधी, एप्रिल 2004 मध्ये, लीफ्सनी ओटावाला हरवून प्लेऑफची, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद सामन्यांची, एक फेरी (सातांत चार जिंकायचे) जिंकली होती. त्यानंतर एकही नाही. एक नाही, दोन नाही, 19 वर्षं.

"तुमचा पायगुण," बायको म्हणाली आणि तेलात मोहरी टाकली.

लीफ्सनी शेवटचा स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला 1967 साली. तेव्हा लीगमध्ये संघच सहा होते आणि माझा जन्मही झाला नव्हता, त्यामुळे तो दोष माझ्याकडे येत नाही. पण 2013 चा येतो. बोस्टनविरुद्ध सातवा सामना, शेवटच्या सत्रात 4-1 अशी आघाडी, आणि हरले. 2021 ला मॉन्ट्रियलविरुद्ध मालिकेत 3-1 पुढं होते, हरले. मधे 2020 च्या फेब्रुवारीत तर एक सामना बेचाळीस वर्षांच्या माणसासमोर हरले. कॅरोलिनाचे दोन्ही गोलकीपर जखमी झाले म्हणून ऐनवेळी राखीव म्हणून बसवलेल्या डेव्हिड एअर्सला उतरवलं. हा गृहस्थ बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवायचा. लीफ्सच्या सरावालाही अधूनमधून गोलमध्ये उभा राहायचा, म्हणजे तसा घरचाच. त्याच्यावर त्यांनी दोन गोल केले, बाकीचे आठ फटके त्यानं अडवले. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. ती रडली नाही. तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं.

आणि 2023 मध्ये अखेर एक फेरी जिंकले, तेव्हा मी कुठं होतो? मिरजेत. भाच्याच्या लग्नाला. रविवारी सकाळी अंगणात आंब्याच्या पेट्या उघडत होतो आणि मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडं शनिवारची रात्र होती, मागं कुणीतरी रस्त्यावर हॉर्न बडवत होतं. लीफ्सच्या टवारेसनं जादा वेळेत गोल करून टॅम्पाला घरी पाठवलं होतं. ती ओरडत होती, "बाबा, जिंकलो! तू तिकडंच राहा!"

मिरजेच्या आमच्या घरात हे काही नवीन नव्हतं. सचिन खेळत असताना काका हात धुवायला उठले आणि सचिन बाद झाला, तर त्यानंतर काकांनी खरकट्या हातानं बसायचं, हा कायदा होता. ज्याची मांडी मोडली त्याची मोडली. क्रिकेट सुटलं, देश सुटला, कायदा तेवढा सामानातून आला.

तरी हॉकीचा नाद लागला कसा, हे सांगायला हवं. जानेवारीत इथं पाच वाजता अंधार पडतो. त्यानंतर झोपेपर्यंत जो वेळ असतो तो संपता संपत नाही. अशात आठवड्याला तीनदा, संध्याकाळी सातला, कुणीतरी घरात येऊन बसावं तसे हे लोक टीव्हीवर येतात. ऑक्टोबर ते एप्रिल 82 सामने. सुरुवातीला मला ती काळ्या रबराची चकतीच दिसायची नाही. तीन इंच रुंद, एक इंच जाड, आणि उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवलेली. गोल झाल्याचं मला लोकांच्या हातांवरून कळायचं. मग शेजारच्या सरदारजींनी पंजाबी समालोचन लावून दिलं. ते इथल्या टीव्हीवर 2008 ला सुरू झालं होतं आणि माझ्या हिंदीला ते इंग्रजीपेक्षा जवळचं पडलं. त्यात त्या चकतीला 'टिक्की' म्हणतात. स्लॅप शॉटला, म्हणजे काठी उगारून हाणलेल्या फटक्याला, 'चपेड शॉट'. एकदा टिक्की म्हटल्यावर ती मला दिसायला लागली. का ते माहीत नाही, बहुधा भुकेमुळं.

तर 2024-25 चा मोसम. माझं मत इथल्या बहुतेकांना पटत नाही: इतक्या वर्षांत मी पाहिलेला हा सगळ्यात चांगला मोसम होता. 52 विजय, 108 गुण, अटलांटिक विभागात पहिले. 82 सामन्यांच्या पूर्ण मोसमात विभागात पहिलं यायला त्यांना पंचवीस वर्षं लागली होती. नवा प्रशिक्षक क्रेग बेरूबी आला आणि त्यानं या संघाला चक्क कंटाळवाणं केलं. आधीचे लीफ्स म्हणजे लग्नातली आतषबाजी. पाच गोल करायचे, सहा खायचे. बेरूबीच्या हाताखाली ते तालुक्याच्या पतपेढीतल्या कारकुनासारखे खेळायला लागले. 2-1, 3-2, हिशेब जुळला, कुलूप लावलं, घरी गेले. टॅनेव्हसारखा पस्तिशीचा बचावपटू फटक्यापुढं अंग टाकायचा, लंगडत बाकावर जायचा आणि दोन मिनिटांनी परत यायचा. मागच्या मोसमात 69 गोल करणारा मॅथ्यूज दुखापतीमुळं 33 वर थांबला, तरी संघ जिंकत राहिला. मला हे फार आवडलं. मुलीला नाही. तिच्या मते मी म्हातारा होत चाललोय.

एक खोट मात्र होती आणि ती डोळ्याला दिसत होती. मॅथ्यूज, नायलँडर, टवारेस आणि मार्नर या चौघांच्या पगारात लीगनं संघाला घालून दिलेल्या पगारमर्यादेतला निम्म्याहून जास्त पैसा जात होता. पाहुण्यांना श्रीखंड आणलं आणि पोळ्यांच्या पिठाला पैसे उरले नाहीत, अशातली गत. तिसऱ्या-चौथ्या फळीतली पोरं जीव तोडून पळायची, पण त्यांच्याकडून गोलची अपेक्षा किती करणार?

प्लेऑफला पहिला गडी ओटावा. 3-0 अशी आघाडी घेऊन हे पुढचे दोन हरले, मग सहाव्यात कशीबशी मालिका संपवली. मी लगेच पुरावा मांडला, की या खेपेला मी इथंच होतो, प्रत्येक सामना पाहिला आणि जिंकलो. बायको म्हणाली, "चारमध्ये संपणारी सहावर नेलीत ना."

दुसऱ्या फेरीत फ्लोरिडा, आदल्या वर्षीचे विजेते. पहिल्या सामन्यात तेहतिसाव्या सेकंदाला नायलँडरचा गोल. पहिले दोन्ही जिंकले. त्या आठवड्यात ऑफिसात लोक लिफ्टमध्ये एकमेकांशी बोलायला लागले होते, जे या शहरात सहसा होत नाही. मात्र त्या पहिल्याच सामन्यात गोलकीपर स्टोलार्झच्या डोक्याला कोपर लागलं आणि तो गेला तो गेलाच. तिसऱ्या सामन्यात 3-1 पुढं असताना 5-4 नं हरले, जादा वेळेत, आणि गोल कुणी केला? ब्रॅड मार्शंडनं. हा माणूस वर्षानुवर्षं बोस्टनकडून आम्हाला छळत होता. मार्चमध्ये तो फ्लोरिडाला गेला तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला होता. साडेसाती राशी बदलते, माणूस बदलत नाही. चौथा 2-0 नं गेला. पाचवा, घरच्या बर्फावर, 6-1.

सहावा सामना शुक्रवारी होता. त्या रात्री एका मित्राकडं वास्तुशांतीचं जेवण होतं आणि बायकोनं माझा फोन स्वतःच्या पर्समध्ये टाकला. मी मसालेभात वाढत होतो. परत येताना गाडीत तिनं फोन दिला: लीफ्स 2-0. मॅथ्यूजचा गोल, पॅसिओरेटीचा गोल, वोल नावाच्या दुसऱ्या गोलकीपरनं एकही आत जाऊ दिला नाही. कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

सातवा रविवारी, 18 मे, साडेसातला, घरच्याच मैदानावर. सोमवारी सुट्टी. मुलीनं जेवतानाच शांतपणे सांगितलं, "बाबा, तू गराज आवरणार होतास ना?"

मी गराज आवरलं. खरंच आवरलं. बर्फ उपसायची फावडी मागं लावली, हिवाळ्यातले टायर एकावर एक रचले, 2011 पासून न उघडलेलं एक खोकं उघडलं, त्यात दिवाळीचे आकाशकंदील निघाले, चिरमुटलेले. पहिलं सत्र संपलं तेव्हा मुलगी दाराशी येऊन सांगून गेली: 0-0. चांगले खेळतायत. मी एका टायरवर बसलो. भिंतीपलीकडून टीव्हीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, नुसता चढ-उतार. असं किती वेळ बसायचं माणसानं? इतक्या वर्षांचा हिशेब तिथं पलीकडं सुटणार आणि मी आकाशकंदिलाचे कोन सरळ करतोय. दुसरं सत्र सुरू झालं आणि मी आत गेलो.

तीन गोल. त्या एका सत्रात फ्लोरिडाचे तीन गोल. पहिल्यानंतर मुलीनं मान वळवली. दुसऱ्यानंतर बायकोनं. तिसऱ्यानंतर दोघींनीही वळवली नाही, ते जास्त लागलं. तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला डोमीनं एक परत केला आणि मी खुर्चीतून अर्धवट उठलो, तर मिनिटभरात चौथा झाला. पुन्हा 6-1. शेवटचा मार्शंडचा. सातव्या सामन्यात टोरंटोविरुद्ध तो पाच वेळा उतरला आणि पाचही वेळा जिंकला. प्रेक्षकांनी आपल्याच संघाच्या जर्स्या काढून बर्फावर फेकल्या. कॅमेरा त्या निळ्या बोळ्यांवर थांबला होता. मला वाटलं, दोनशे डॉलरच्या वर पडते एक.

लोकांनी सगळं खापर मार्नरवर फोडलं. हे मला पटत नाही. मार्खमचा पोरगा, शहराच्या वेशीवर वाढलेला, मोसमात 102 गुण केलेले, त्यातले 75 दुसऱ्याच्या गोलांना हात देऊन. प्लेऑफच्या 13 सामन्यांत 13 गुण. माझ्या मते या पोरांचे पाय नाही, हात आखडतात. जी चकती जानेवारीत न बघता पुढं ढकलतात, तीच मे महिन्यात आधी थांबवून बघतात, आणि तेवढ्या वेळात फ्लोरिडाचा दांडगा गडी येऊन आदळतो. याला औषध प्रशिक्षकाकडं नसावं. अर्थात टायरवरून उठून आत आलेल्या माणसानं हे बोलावं का, हा प्रश्न आहेच.

फ्लोरिडानं पुढं कपच जिंकला. आमच्याकडं अध्यक्ष शॅनहनना निरोप मिळाला आणि जूनच्या अखेरीस मार्नर लास वेगासला गेला. आठ वर्षं, वर्षाला 1 कोटी 20 लाख डॉलर. मुलीच्या जर्सीवर त्याचं नाव आणि 16 आकडा. तिनं ती फेकली नाही, घातलीही नाही. ऑगस्टमध्ये एका दुपारी बायकोनं जर्सी टेबलावर पसरली, चष्मा लावला आणि उसवायला घेतली. "नाव काढलं की झालं. कापड चांगलंय." एकेक टाका सुईच्या टोकानं उचलायचा, कात्रीनं तोडायचा, दोरा चिमटीत धरून ओढायचा. 'एम' गेला, 'ए' गेला. अक्षरं निघाली, पण त्यांच्याखालचं कापड आजूबाजूपेक्षा गडद निळं राहिलेलं, आणि टाक्यांच्या भोकांची बारीक रांग. उजेडात धरली की मार्नर पूर्वीपेक्षा स्वच्छ वाचता येत होता. मुलगी हसायला लागली. मग म्हणाली, राहू दे, आकडा नको काढूस.

ऑक्टोबरच्या 8 तारखेला लीफ्सचा नवा मोसम सुरू झाला, पहिलाच सामना मॉन्ट्रियलशी. बेसमेंटमध्ये टीव्ही चालू होता. मुलीनं तीच जर्सी घातली होती, पाठीवर नाव नाही, नुसता 16. मी चहाचा कप घेऊन जिना उतरत होतो, तेवढ्यात लीफ्सचा गोल झाला. मी तिसऱ्या पायरीवर होतो. एक पाय खाली टाकणार, तोच बायको टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "अहो, तिथंच."

तिथून पडद्याचा डावा कोपरा दिसत नाही. 5-2 जिंकले.