तुम्ही विचारलेत म्हणून : रत्नागिरीतील साडेतीन ठिकाणे

गेल्या फेब्रुवारीत वडिलांना घेऊन रत्नागिरीला जाऊन आल्यापासून ओळखीच्या माणसांचा एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. अख्खा दिवस हाताशी होता, दाराशी गाडी होती, तरी तुम्ही तीनच ठिकाणे पाहिलीत, मग दिवसभर केलेत तरी काय? विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना आपल्या आईला किंवा वडिलांना कुठे तरी न्यायचे असते आणि माझ्याकडून त्यांना ठिकाणांची यादी हवी असते. यादी माझ्याकडेही होती. तिच्यात नऊ नावे होती, आणि ती खिशात ठेवून दिली म्हणूनच आमचा दिवस चांगला गेला, असे माझे प्रामाणिक मत आहे. शिवाय ठिकाणे तीन नव्हती, साडेतीन होती. आपल्याकडे मुहूर्त आणि शक्तिपीठेही साडेतीनच असतात, तेव्हा या हिशेबाला कोणी हसू नये.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांचे वय आता एकोणऐंशी आहे. १९७४ ते २००४ अशी तीस वर्षे ते एसटीत चालक होते आणि त्यातली बरीच वर्षे त्यांच्याकडे कोल्हापूर-रत्नागिरी मार्ग होता. मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, मग हातखंबा तिठ्यावरून रत्नागिरी, अशी ही सुमारे १३० किलोमीटरची वाट त्यांना आजही डोळे मिटून सांगता येते. पण गाडी मुक्कामाची असे. रात्री स्टँडवर पोहोचायचे, जेवायचे, कर्मचाऱ्यांच्या खोलीत अंग टाकायचे आणि पहाटे तोंड धुऊन पुन्हा चाकावर बसायचे. शेकडो वेळा रत्नागिरीला आलेल्या या माणसाने रत्नागिरी पाहिलेली नव्हती. हे मला ठाऊक असायला हवे होते, पण नव्हते. आतेबहिणीच्या मुलीच्या लग्नाला आम्ही भाच्याच्या गाडीतून निघालो आणि घाट उतरताना अण्णा सहज बोलून गेले, तेव्हा ते कळले. लग्न आटोपल्यावर एक दिवस मोकळा होता, तो त्यांना शहर दाखवण्यासाठी ठेवायचा, असे मी तिथेच ठरवले.

सकाळी घावन आणि नारळाची चटणी खाऊन आम्ही रिक्षा केली, कारण जुन्या रत्नागिरीच्या आळ्यांमध्ये मोठी गाडी नेणे म्हणजे चालणाऱ्यांच्या शिव्या खाणे. पहिले ठिकाण टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान. चिऱ्याचे, उतरत्या कौलांचे, अंगण असलेले ते घर कोकणातील कुठल्याही खात्यापित्या घरासारखे आहे आणि तसे ते साधे राहिले आहे, हेच मला आवडले. २३ जुलै १८५६ रोजी टिळक जन्मले आणि दहा वर्षांचे होईपर्यंत रत्नागिरीत वाढले. पुढे १८६६ मध्ये शिक्षण खात्यात असलेल्या त्यांच्या वडिलांची, गंगाधरपंतांची, पुण्याला बदली झाली आणि कुटुंब घाटावर गेले. मी हे सांगत असताना अण्णा ओटीच्या कडेला टेकले होते. मंडाले, केसरी, सिंहगर्जना यांपैकी कशानेही ते हलले नाहीत. बदली म्हटल्यावर मात्र त्यांनी मान वर केली. ''म्हणजे मास्तरांची बदली झाली नसती, तर पोरगं हितंच राहिलं असतं की.'' तीस वर्षे बदल्यांच्या याद्यांकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला इतिहासाचे हे दार सापडले आणि त्यानंतर दिवसभर ते आम्ही बंद केले नाही.

थिबा राजवाड्यावर आम्ही दोन तास होतो. माझ्या यादीत त्याला पाऊण तास दिलेला होता. लाल रंगाची ती इमारत, तिची उतरती छपरे आणि कोरीव लाकडाच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या लांबूनच वेगळ्या दिसतात. खालच्या दालनांतील वस्तुसंग्रह आम्ही सावकाश पाहिला, वरचा जिना चढलो नाही. अण्णांचे गुडघे उतरताना जास्त दुखतात, आणि चढलेल्या प्रत्येक पायरीचे पैसे उतरताना भरावे लागतात, असे ते म्हणतात. मग बाहेर सावलीत बसलो आणि मी त्यांना थिबा राजाची हकिकत सांगितली.

ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले, राजाला आणि राणी सुपयालतला पदच्युत केले, आधी मद्रासला आणि मग १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले. रत्नागिरी निवडण्याचे कारण नकाशा पाहिला की समजते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, रेल्वे नाही, आणि ब्रह्मदेश पार दुसऱ्या टोकाला. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली तीच मुळी १९९८ मध्ये. थिबासाठी हा राजवाडा बांधून झाला १९१० साली, म्हणजे त्याच्या कैदेची चोवीस वर्षे उलटल्यावर, आणि १९१६ च्या डिसेंबरमध्ये तो इथेच वारला. त्याची कबरही रत्नागिरीतच आहे. राणी आणि मुली १९१९ मध्ये परत गेल्या, पण थोरल्या राजकन्येचा जीव वाड्यावरच्याच एका मराठी नोकरावर जडला होता. ती पुन्हा रत्नागिरीला आली आणि तिची लेक टूटू याच गावात मराठी बोलत, गरिबीत जगली.

अण्णांनी बोटांवर हिशेब केला. शह्याऐंशी ते सोळा, तीस वर्षे. ''माझ्या सर्व्हिसएवढी.'' मग बराच वेळ थांबून म्हणाले, ''बदलीच म्हणायची ही. पण मूळ डेपोला परत घेतलंच न्हाई.'' मला हसू आले, पण ते हसत नव्हते. राणीला इथले जेवण सोसले का, घरात भाषा कोणती बोलत, पोरींच्या लग्नाचे कोण बघत होते, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक विचारले. कोल्हापूरहून त्यांची एकदा दीड वर्षासाठी मराठवाड्यात बदली झाली होती. आई आम्हा तिघांना घेऊन एकटी राहिली होती, आणि त्या दीड वर्षाबद्दल घरात कधी कोणी फारसे बोललेले नाही. त्या दुपारी राजवाड्याच्या सावलीत अण्णा त्याबद्दल बोलले. काय बोलले ते इथे लिहिणार नाही. पण माझा पाऊण तास पाळला असता, तर आम्ही त्या वेळी मत्स्यालयात असतो.

जेवायला जाताना रिक्षा पतितपावन मंदिरावरून गेली. भागोजीशेठ कीर यांनी १९३१ मध्ये बांधलेले हे मंदिर सर्व जातींच्या हिंदूंना खुले होते, आणि त्यामागे सावरकरांची प्रेरणा होती. ते १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते, जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही या अटीवर. अण्णांनी रिक्षातूनच हात जोडले आणि अट ऐकल्यावर म्हणाले, ''म्हणजे परमिट एकाच जिल्ह्याचं.'' आम्ही उतरलो नाही, म्हणून हे ठिकाण मी मोजत नाही.

जेवणाबद्दल थोडक्यात. सुरमईची तुकडी, तिसऱ्यांचे कालवण, भात, सोलकढी. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाने कालवणाला ''झणका कमी'' असा शेरा दिला आणि सोलकढी तीन वाट्या प्यायली. त्यानंतर आम्ही खोलीवर गेलो आणि अण्णा दीड तास झोपले. हे मी मुद्दाम लिहिते, कारण वयस्कर माणसाला घेऊन फिरताना दुपारची झोप वाया गेलेल्या वेळेत धरणारे लोक मला माहीत आहेत. संध्याकाळचे चार तास त्या झोपेनेच मिळवून दिले. रत्नदुर्ग किल्ला आणि त्यावरचे भगवतीचे मंदिर हे मात्र मी अण्णांच्या झोपेत यादीतून खोडले. पायऱ्या होत्या, आणि समुद्र खालूनही दिसणार होता.

आता ते अर्धे ठिकाण. झोपेतून उठल्यावर मी मांडवीचा किनारा सुचवला, तेव्हा अण्णा जरा संकोचून म्हणाले की आधी स्टँडवर जाऊन येऊ. प्रवासी तिथून लवकर बाहेर पडायला बघतात आणि आम्ही रिक्षा करून आत चाललो होतो. आत शिरताच त्यांची चाल बदलली. कोल्हापूरची गाडी पूर्वी कुठे लागायची, नळ कुठे होता, चहावाला कुठल्या खांबाशी बसायचा, हे ते हात करून दाखवू लागले, आणि आतापर्यंत वाटाड्या असलेली मी मुकाट्याने मागून चालू लागले. कोल्हापूरच्या गाडीपाशी खाकीतला एक तरुण चालक उभा होता. अण्णांनी ओळख सांगितल्यावर तो वाकून पाया पडला, मग दोघांचे घाटावर बोलणे सुरू झाले. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जुन्या गाड्या, पावसाळ्यात आंबा घाटात उतरणारे धुके, त्या धुक्यात हातात बॅटरी घेऊन गाडीपुढे चालणारे वाहक. ''ज्या गिअरला चढती, त्याच गिअरला उतरवायची; ब्रेकच्या भरवशावर घाट उतरू नये,'' असे अण्णांनी सांगितले, आणि त्या मुलाने, ''आम्हालाही हेच शिकवलंय, काका,'' असे उत्तर दिले. त्या उत्तराचे समाधान अण्णांच्या चेहऱ्यावर रात्रीपर्यंत होते. पर्यटनाच्या कोणत्याही पत्रकात स्टँडचे नाव नसते, म्हणून मी त्याला अर्धे ठिकाण म्हणते. अण्णा ते एक धरतात.

मांडवीला पोहोचलो तेव्हा सूर्य टेकायला आला होता. इथली वाळू काळपट आहे. या किनारपट्टीवर टायटॅनियम असलेले इल्मेनाइट हे खनिज सापडते, त्याचा तो रंग. शहराच्या दुसऱ्या बाजूच्या किनाऱ्याला पांढरा समुद्र म्हणतात, तर लोक याला काळा समुद्र म्हणतात. मी अण्णांना पाण्याकडे नेऊ लागले, तर ते कठड्यावरच बसले. पाणी इथूनही दिसतेच आहे आणि ओल्या वाळूत पाय रुततात, म्हणाले. आम्ही शहाळे प्यायलो, धक्क्यावरची पोरे पाहिली, फारसे बोललो नाही. अंधार पडल्यावर त्यांनी विचारले, ''उद्या भाच्याच्या गाडीनंच जायला पायजे का?''

सकाळी भाच्याला सामान देऊन पुढे पाठवले आणि आम्ही दोघे एसटीत बसलो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत असल्यामुळे त्यांचे तिकीट शून्य रुपयांचे निघाले, आणि बाईमाणूस म्हणून माझे निम्म्या दरात. अण्णांनी ते शून्याचे तिकीट चष्मा लावून नीट वाचले आणि खिशात ठेवले. मी पुढची जागा पकडली होती, चालकाच्या मागची, त्यांना रस्ता दिसावा म्हणून. ते उठून मागे गेले आणि दरीच्या बाजूच्या खिडकीशी बसले. साखरपा मागे पडून घाट सुरू झाल्यावर मी काहीतरी विचारायला वळले, तर त्यांनी बोट ओठांवर ठेवले आणि पुन्हा बाहेर पाहू लागले.