हत्तीकडे चला

आमच्या पार्कातली बोट राइड गेल्या दिवाळीनंतर बंद झाली तेव्हा मला हायसंच वाटलं होतं. मे महिन्यात त्या पाण्याला येणारा वास ज्यांनी घेतलाय त्यांना कळेल. कितीही क्लोरीन टाका, शेवाळं ठरलेलं. गुहेत फायबरचा एक हत्ती, चार माकडं आणि एक सिंह. सिंहाचा जबडा हलायचा तो टेम्पोच्या वायपरच्या मोटरीवर. हत्तीचे कानही तसेच. मोटर जळाली की आमचे फिटरमामा भंगारातून दुसरी आणायचे आणि दुपारपर्यंत सिंह पुन्हा कामावर. वायपरच्या मोटरीला दोन स्पीड असतात. मामांनी एकदा चुकून फास्टची वायर जोडली, तर सिंह दिवसभर पान चघळत असल्यासारखा दिसत होता. त्या दिवशी पोरं तीन-तीनदा बोटीत बसली.

मी इथे १७ वर्षं आहे. तिकीट खिडकीवर लागले, आता ऑपरेशन्स सुपरवायझर आहे. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे बटण दाबणं. बटण दाबणं हे दिवसातलं सगळ्यात सोपं काम. सकाळी रिकाम्या राइडच्या फेऱ्या, चेकलिस्ट, सह्या, कुणी मशीनखाली काम करत असेल तर पॅनेलला त्याचं स्वतःचं कुलूप आणि किल्ली त्याच्याच खिशात, हे सगळं दहाच्या आत उरकतं. दहानंतर माझं काम एकच: माणसं कुठे उभी आहेत ते बघणं.

आणि बोट माणसं खायची. आमच्यात असंच म्हणतात. एका बोटीत दहा जण, दर चाळीस सेकंदांनी एक बोट. तासाला ९० बोटी, म्हणजे कागदावर ९०० माणसं. आजींना बसवा, उतरवा, बाळाची दुधाची बाटली पाण्यात पडली ती काढा, असं सगळं धरून प्रत्यक्षात ७००. तरी ती लाईन कधी थांबत नसे. पंप पाणी वर उचलत राहायचा, प्रवाह बोटी ढकलत राहायचा, आणि लाईन गोगलगायीसारखी का होईना, सरकत राहायची. सरकणाऱ्या लाईनीतला माणूस भांडत नाही. ही अक्कल काही आमची नाही. डिस्नेवाल्यांनी १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात पाण्याच्या प्रवाहावर बोटी सोडल्या आणि बघितलं की माणसं भराभर आत जातायत. कॅलिफोर्नियाच्या पार्कात समुद्री चाच्यांचा देखावा लोकांना पायी फिरून दाखवायचा बेत होता, तो त्यांनी बदलला आणि १९६७ मध्ये उघडला तो बोटीतून. गर्दीचा हिशोब त्यांनी आधी केला, चाचे नंतर रंगवले.

आमच्याकडे उलटं. नवीन राइड आली ती मोठ्या लंबकासारखी. तीस सीटचं चक्र झोके घेत घेत स्वतःभोवती फिरतं. मशीन म्हणून देखणी आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात तासाला ६०० माणसं. ते गणित जिथे केलं तिथे लोक बहुधा ओढणी घेत नसावेत. इथे हार्नेस खाली ओढायचा, मधला बेल्ट लावायचा, मग ऑपरेटरने दोन्ही हातांनी हार्नेस वर उचलून बघायचा आणि पॅनेलवाल्याला अंगठा दाखवायचा. तीस सीट, तीस वेळा. त्याआधी ओढणी काढा, मंगळसूत्र आत घाला, चष्मा ठेवा, मोबाइल ठेवा, नाही साहेब, खिशात नाही चालणार. सगळे दिवे हिरवे झाले की कुणीतरी म्हणतं, मला उतरायचंय. एकाला उतरवायचं तर त्या बाजूच्या दहाही सीट सुटतात, की पुन्हा दहा अंगठे. यात घाई करायची नाही हे मीच पोरांच्या डोक्यात भरवलंय. एक फेरी सहा मिनिटांची. तासाला ३००. शिवाय उंची १४० सेंटीमीटर हवी, म्हणजे लहान पोरं बाद. पोरं बाद म्हणजे एक पालक खाली. ते सगळे राइडच्या तोंडाशीच उभे राहतात, वर बोटं दाखवत.

हा हिशोब मी मीटिंगमध्ये मांडला होता. बोट काढली तर तासाला चारशे माणसं पार्कात मोकळी होतील, ती कुठे उभी करायची? साहेब म्हणाले, "मॅडम, बोटीचा फोटो कोणी टाकतं का?" सगळे हसले. मीही हसले, कारण खरंच कोणी टाकत नव्हतं.

एक गोष्ट मात्र माझ्याही लक्षात आली नव्हती. बोटीच्या लाईनीवर मंगलोरी कौलांची मोठी शेड होती. पार्कातली सगळ्यात मोठी सावली. कोणी बोटीत बसो न बसो, भर दुपारी दोन-तीनशे माणसं तिच्याखाली डबे उघडून बसलेली असायची. फेब्रुवारीत शेड पाडली. मग कंत्राटदाराचं बिलावरून वाजलं आणि तो काम अर्धवट टाकून गेला. बोटीचा कोरडा कालवा, त्याच्या कडेचा रस्ता आणि आडवा झालेला हत्ती तसाच राहिला. त्याने समोर उभ्या केलेल्या पत्र्यांवर नव्या राइडचं चित्र लावलं.

मे महिन्यातला तिसरा रविवार. नवी राइड सुरू होऊन दहा दिवस झालेले. दुपारी लाईन दोन तासांची. नागमोडी रेलिंगवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये साडेतीनशे माणसं मावतात, तेवढी होती, बाकीची लाईन बाहेर. सव्वाचारला डोंगराकडून काळं आलं. वारं मोजणारा पंखा मर्यादेच्या वर गेला, मी राइड थांबवली, तीस जण उतरवले. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे.

मग वळीव कोसळला. थेंब नव्हते ते, बादल्या होत्या. आणि बाहेरचं अख्खं पार्क आमच्या शेडमध्ये घुसलं. पूर्वी कौलांखाली पळायचं ते पब्लिक, आता पळायला हीच एक जागा. आतले बाहेर पडेनात, कारण त्यांनी दोन तास नंबर धरलेला. पाऊस थांबला की आपलीच फेरी, असं प्रत्येकाला वाटत होतं. त्यांचं तरी काय चुकलं?

मी वर प्लॅटफॉर्मवर होते. आधी आवाज बदललेला कळला. गर्दी ओरडत असते, शिट्ट्या मारत असते तोवर ठीक. रेलिंगच्या आतल्या टोकाला, प्लॅटफॉर्मचं गेट बंद होतं तिथे, लोक बोलायचे थांबले होते. हात छातीशी दुमडलेले. एका बाईने मूल डोक्यावर धरलेलं. मागून कुणी धक्का देत नसतानाही पुढचे दहा-बारा जण एकदम डावीकडे झुकले, मग एकदम उजवीकडे, शेतात वारं फिरावं तसे. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं एवढं पक्कं लक्षात होतं: जॉन फ्रुइन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने लिहून ठेवलंय की चौरस मीटरला सातच्या आसपास माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वागते, आपल्या पायाने चालायचं माणसाच्या हातात राहत नाही. आणि मला आठवला तो मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा पूल. २९ सप्टेंबर २०१७. तिथेही पाऊसच होता, लोक जिन्यावर थांबले होते, मागून माणसं येत राहिली. २३ गेले. माझा धाकटा भाऊ तेव्हा परळला कामाला होता. त्या दिवशी त्याने सुट्टी घेतली होती, म्हणून आमच्या घरात तो विषय कोणी काढत नाही.

वॉकीटॉकीवर सगळे एकदम बोलत होते, म्हणजे कोणीच ऐकू येत नव्हतं. सिक्युरिटीचा इन्चार्ज शेडच्या तोंडाशी शिट्टी फुंकून ओरडत होता, "पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे!" माणूस वाईट नाही. पण गर्दी म्हणजे पुढे ढकलायची वस्तू, असं वीस वर्षं बंदोबस्तात शिकून आलेला. मागच्याला पुढचं दिसत नाही. चेंगरतो पुढचा, रेटतो मागचा, आणि त्या मागच्याला आपण रेटतोय हेसुद्धा माहीत नसतं. जागा करायची तर पुढून करायची.

प्लॅटफॉर्मचं गेट उघडलं असतं तर माणसं थेट मशीनच्या खड्ड्याच्या काठावर आली असती. उजवीकडे पॅनेल रूमची भिंत. डावीकडे पत्रे, त्यांच्या पलीकडे बोटीचा कोरडा कालवा.

मामा माझ्या शेजारीच होते. मी म्हटलं, "मामा, पत्रे काढा."

"ताई, पलीकडे सळया आहेत."

"माहीत आहे. काढा."

ते एक सेकंद माझ्याकडे बघत राहिले. मग खाली उतरले, खिशातून पकड काढली आणि बाइंडिंग वायर तोडायला लागले. पत्रे नट-बोल्टने लावायचं ठरलं होतं, कंत्राटदाराने तारेने बांधले होते. त्याच्या कामचुकारपणाचे मी जन्मात पहिल्यांदा आभार मानले. पहिला पत्रा सुटायला किती वेळ लागला ते रेकॉर्डिंगवर आहे: बेचाळीस सेकंद. मला तो अर्धा तास वाटला. तीन पत्रे निघाले. रेलिंगचा तिथला पाइप मामांनी आणि एका ऑपरेटरने लाथा घालून वाकवला.

फट झाली पण कोणी जाईना. पलीकडे चिखल, अंधारलेलं, काहीच कळत नव्हतं. मी मेगाफोनवर आधी म्हटलं, "डावीकडून बाहेर पडा." कोणाची डावी कुठली! पाच-सहा वेळा ओरडले. मग फटीतून तो दिसला, सोंड वर करून कुशीवर पडलेला, पाण्याने चकचकणारा. मी ओरडले, "हत्तीकडे चला! सगळ्यांनी हत्तीकडे चला!"

आणि माणसं निघाली. हत्ती सगळ्यांना दिसत होता. कितीतरी जणांनी तो लहानपणी बोटीतून बघितलेला असणार. एक बाबा खांद्यावरच्या पोराला सांगत चालले होते, "बघ, हत्ती बघ." तीन-चार मिनिटांत पुढच्या भागात रेलिंग दिसायला लागली. मी स्वतः खाली उतरून सळयांच्या बाजूला हात पसरून उभी राहिले. दोन ऑपरेटर पोरं पण राहिली. जिथे आम्ही तिघं होतो तिथे कोणाला काही झालं नाही.

जिथे नव्हतो तिथे झालं. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आईचा हात सोडून हत्तीवर चढायला पळाला. कालव्याच्या काठावर घसरला आणि तोडलेल्या काँक्रीटमधून वर आलेल्या सळईने त्याची पोटरी फाडली. सात टाके. रक्त पावसात मिसळून खूप दिसतं. त्याच्या वडिलांनी माझा आयकार्डचा पट्टा धरला आणि विचारलं, "पोरांना इथे पाठवताना तुम्हाला हे दिसलं नाही का?" मी म्हटलं, "दिसलं होतं." ते आणखी चिडले. साहजिक आहे. मी खोटं बोलले असते तर बहुधा त्यांना कमी राग आला असता.

नंतर मेमो आला. काम चालू असलेल्या क्षेत्रात पाहुण्यांना विनापरवानगी प्रवेश देणे. मालमत्तेचे नुकसान, तीन पत्रे, एक रेलिंग. चौकशीत सळईचे फोटो होते, चारही बाजूंनी काढलेले, शेजारी फूटपट्टी ठेवून. शेडमधल्या गर्दीचा एकही फोटो नव्हता. कॅमेरा आहे, पण त्याचं तोंड राइडकडे, कारण झोक्यावरचे किंचाळणारे चेहरे विकायला लागतात. कोपऱ्यात रेलिंगचे दोन खांब येतात तेवढेच. जे घडलं नाही त्याचा पंचनामा कसा करणार? साहेबांचं म्हणणं, "मॅडम, पाऊस दहा मिनिटांत थांबला. तुम्ही थांबला असतात तर लोक आपोआप गेले असते." पाऊस अकरा मिनिटांनी थांबला, ते बरोबर आहे.

त्या दोन खांबांमधलं अंतर दोन मीटर, रेलिंगची रुंदी नव्वद सेंटीमीटर. म्हणजे १.८ चौरस मीटर. चार वाजून चोवीस मिनिटांचं चित्र थांबवून मी त्यातली डोकी मोजते. अकरा धरली तर चौरस मीटरला सहा. कडेवरचं मूल धरायचं की नाही? एक काळं दिसतं ते डोकं आहे की कुणाची सॅक? दोन्ही सोडली तर नऊ, म्हणजे पाच. पाचला लोक दाटीवाटीने उभे राहतात आणि घरी जातात. सहाला मी पुढचं सांगू शकत नाही. मी हे बऱ्याचदा मोजलंय. मामा म्हणतात, "ताई, बंद करा आता ते." ते त्या सळयांबद्दल चौकशीत एक शब्द बोलले नाहीत. मीच माझ्या उत्तरात लिहिलं की फिटरने मला आधी सांगितलं होतं.

उत्तरासोबत मी डाव्या बाजूला दोन मीटरचं, बाहेर उघडणारं, आतून नुसत्या रेट्याने सुटणारं गेट मागितलं, आणि गेटपलीकडच्या सळया तातडीने कापायला. सळया कापल्या. हत्ती भंगारवाला घेऊन गेला. कानांच्या मोटरी मामांनी आधीच काढून ठेवल्या होत्या. गेट मंजूर झालंय. कोटेशन एकच आलं, तीन हवीत म्हणून फाइल परत आली. तोवर पत्रे पुन्हा लावलेत, यावेळी वेल्डिंग करून.