तुम्ही विचारलंत म्हणून: सर्व्हिस झालेलं घड्याळ का चुकतं?

‘सर्व्हिस करूनही ऑटोमॅटिक घड्याळ बरोबर वेळ दाखवत नाही, मग नेमकं केलं काय?’ हा प्रश्न इतक्यांदा येतो की एकदाचं सविस्तर लिहितो.

आधी सांगा, चुकतं म्हणजे किती? ‘बरंच’ हे उत्तर नव्हे. क्राउनने, म्हणजे घड्याळाच्या कडेच्या गोल बटणाने, तीस-चाळीस फेरे चावी द्या, सेकंदाला सेकंद लावून वेळ जुळवा आणि चोवीस तासांनी फरक लिहून ठेवा. बऱ्याच ऑटोमॅटिक घड्याळांत बसणाऱ्या सेइकोच्या एनएच३५ या मशीनची कंपनीने दिलेली मर्यादाच दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद आहे. त्यात बसणारं घड्याळ बिघडलेलं नाही. अर्थात रेग्युलेटर, म्हणजे वेग कमीजास्त करायची आतली दांडी, किंचित सरकवून ते आणखी जवळ आणता येतं, आणि सर्व्हिसमध्ये ते करायलाच हवं. इथे तुमची तक्रार रास्त आहे.

अचानक काही मिनिटं पुढे जायला लागलं तर आधी चुंबकत्व तपासा. चुंबकामुळे हेअरस्प्रिंग या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि बॅलन्स, म्हणजे तिच्यावर मागेपुढे झुलणारं चाक, भराभर झुलतो. डीमॅग्नेटायझरने हे क्षणात सुटतं. पण वेढ्यांना तेल लागलं असेल तर ते यंत्र काही कामाचं नाही, स्प्रिंग धुवावीच लागते. आणि ते तेल सर्व्हिस करणाऱ्यानेच लावलेलं असतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती वेगळ्याच दोषावरून. टाइमग्राफरवर, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळाचा वेग मोजणाऱ्या मशीनवर, घड्याळ दिवसाला अधिक ४ सेकंद, अँप्लिट्यूड (बॅलन्सचा झोका) २८० अंश, बीट एरर (टिक आणि टिकमधल्या अंतराचा फरक) ०.२ मिलिसेकंद. कागदावर बोट ठेवायला जागा नाही. मनगटावर मात्र दिवसाला दहा मिनिटं मागे. गिऱ्हाईक म्हणतं मशीन खोटं, कारागीर म्हणतो गिऱ्हाईक खोटं. दोघंही खरं बोलत असतात, कारण टाइमग्राफर फक्त एस्केपमेंटची, म्हणजे चाकांना एकेक दात सोडणाऱ्या भागाची, टिकटिक ऐकतो. काटे त्याला दिसत नाहीत.

अशा वेळी सेकंदकाटा बघा. तो बरोबर साठावर येतोय आणि मिनिटकाटा मात्र रेघेच्या मागे रेंगाळतोय? मग कॅनन पिनियन सैल आहे. मिनिटकाटा बसतो ती ही बारीक नळी. वेळ लावताना ती घसरावी आणि एरवी चाकाबरोबर फिरावी, एवढाच घट्टपणा तिला हवा. सर्व्हिसमध्ये ती काढली जाते, धुतली जाते आणि कधीकधी न तपासताच परत बसते. तारीख बदलताना काट्यांच्या चाकांवर ओझं वाढतं, म्हणून मध्यरात्रीच्या आसपास ती जास्त घसरते. वेळ लावताना क्राउन लोण्यासारखा हलका फिरत असेल, तर संशय पक्का समजा. उपाय म्हणजे आत तार घालून नळीची खाच हलकेच दाबायची आणि ग्रीस लावून बसवायची. जास्त दाबली तर काटे जड फिरतात किंवा नळी चिरते.

‘मशीन बरोबर म्हणतं, म्हणजे घड्याळ बरोबर’ हे माझंच जुनं वाक्य. ते मला अजूनही पूर्ण सोडून देववत नाही. एस्केपमेंटपुरतं ते खरंच आहे. पण नळी किती दाबायची, हे कुठलंही मशीन सांगत नाही, ते बोटांनाच कळतं, आणि दोन कारागिरांची बोटं कधी एकमत होत नाहीत. म्हणून घड्याळ परत घेताना टाइमग्राफरचा कागद मागाच, पण काटे बसवून, तारीख बदलू देऊन निदान एक रात्र चालवलं होतं का, हेही विचारा.