काय्येक दिसाक नाय

देवबागच्या संगमावरून पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणं हा माझा हिवाळ्यातला धंदा. सकाळी मतलई वारा असतो तोवर पाणी ताटासारखं. वारा फिरला की लाटेचा प्रत्येक शेंडा लोकांना डॉल्फिन वाटतो.

आमच्याकडचा डॉल्फिन, म्हातारी माणसं त्याला गादा म्हणतात, टीव्हीतल्यासारख्या उड्या क्वचितच मारतो. अडीच मीटरचं राखाडी जनावर, पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर इवलासा पर. वर येतो, फुस्स करतो, गेला. त्याला शोधायचं तर कुरव पक्षी कुठे झेपावतात ते बघायचं, रापणीची जाळी कुठे ओढतायत ते बघायचं. सापडला की बाजूने, अंतर ठेवून, त्याच्याच वेगाने जायचं आणि मग इंजिन न्यूट्रल. आमच्यातलेच काही थेट पुढ्यात बोट घालतात. 1972 च्या वन्यजीव कायद्यात हा वाघाच्या पंगतीला पहिल्या अनुसूचीत बसलाय, पण समुद्रात बघायला येतो कोण! पर्यटकही शिट्ट्या मारतात, बोटीची कड बडवतात.

त्या दिवशी भोगव्यासमोर एकच मादी दिसली. एरवी बुडी मारली की भलतीकडेच निघतात. ही जागची हलत नव्हती. तोंडावर काहीतरी फिकट, जेमतेम मीटरभर. ते घसरायचं, ती खाली जाऊन परत उचलायची. बोट वाहत जरा जवळ गेली तेव्हा पिल्लाच्या कुशीवर घड्या दिसल्या. आईच्या पोटात दुमडून राहिल्याच्या त्या घड्या. जन्मून फार दिवस झाले नव्हते.

बोटीत टाळ्या पडल्या. "बघ, आई बाळाला पोहायला शिकवतेय," एक बाई मुलीला म्हणाल्या. निघताना मीच सगळ्यांना सांगितलं होतं की हा मासा नव्हे, श्वासाला वर यावंच लागतं. ती सात-आठ वर्षांची पोर बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काका, बाळ श्वास कधी घेणार?"

"घेतं गो, तुला दिसत नाही."

तेवढ्यात चुलतभावाचा फोन. सातपासून दहा माणसं घेऊन फिरत होता. डॉल्फिन नाही दिसले तर अर्धे पैसे परत, असं तो गिऱ्हाइकाला सांगतो.

"खय असस? गावले काय?"

मासळी कुठे लागली ते माझ्या बापाने कधी कुणाला सांगितलं नाही. डॉल्फिनचं मात्र आम्ही एकमेकांना फोन करून सांगतो, धंदाच त्यावर चालतो. पण सांगितलं असतं तर दहा मिनिटांत सहा बोटी तिच्याभोवती.

"नाय रे. काय्येक दिसाक नाय."

दुपारपर्यंत माझ्याच पर्यटकांचा व्हिडिओ गावभर फिरला, टाळ्यांसकट. संध्याकाळी चुलतभाऊ किनाऱ्यावर आला आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. म्हटलं, पिल्लू मेलेलं होतं. त्याने व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला, शेवटपर्यंत बघितला.

"मगे तां सांगूचा होता."

सांगितलं असतं तर तो आला नसता? इंजिनाचा हप्ता त्याचा अजून चालू आहे. बुडालेले पैसे मी देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत.

फोन अजून करतो. "गावले काय" विचारत नाही. पाणी कसा आसा, एवढंच.