तुम्ही विचारलंत म्हणून: सेटटाइमआउट का नको

"मॅडम, एक ॲनिमेशन संपलं की दुसरं चालवायचं, एवढंच ना? सेटटाइमआउट लावला की झालं. अवेटचा प्रपंच कशाला?" टीममध्ये नवीन येणारा प्रत्येक जण हे विचारतो. तोंडी सांगून कंटाळले, म्हणून लिहिते.

सेटटाइमआउट म्हणजे वेबपेजच्या जावास्क्रिप्ट कोडमधला 'इतक्या वेळानं हे कर' असं सांगणारा टायमर; अवेट म्हणजे आधीचं काम खरंच संपेपर्यंत थांबणं. सेटटाइमआउट ॲनिमेशनकडे बघतच नाही. ६०० मिलिसेकंद सांगितले की तो तेवढ्या वेळानं, किंवा त्याहून उशिरा, आपलं काम उरकतो. पडदा कुठवर सरकलाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

पडदा म्हणाले, कारण सांगलीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेची साइट आमच्याकडे अर्धवट आली होती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' इथंच केलं, त्यामुळे ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनालाच, ती सुरू व्हायला हवी होती. आधी मखमली पडदा बाजूला, मग नाटकाचं नाव, मग 'तिकीट काढा'चं बटण. पडदा रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेमवर, म्हणजे ब्राउझर स्क्रीनवर नवी फ्रेम काढणार त्याच्या आधी दर वेळी आपला कोड चालवतो त्यावर, दर फ्रेमला चार पिक्सेल. बाकी सगळं सेटटाइमआउटवर. त्यातल्याच एका टायमरनं 'एव्हाना पडदा उघडला असणार' असं धरून फ्रेमची साखळी तोडायची. ऑफिसात सगळं झकास चाललं.

संस्थेच्या कार्यवाहांनी साइट उघडली आणि तेवढ्यात मेल बघायला दुसऱ्या टॅबवर गेले. टॅब मागे गेला की ब्राउझर फ्रेम देणं थांबवतो. टायमर मात्र रडतखडत चालूच राहतात. ते परतले तेव्हा पडदा अर्ध्यावर, नाव त्याच्यावर उमटलेलं आणि बटण पडद्याखाली. ते क्लिक करतायत, क्लिक पडद्यालाच लागतंय.

"काय ओ मॅडम, पडदा अडकला की तुमचा!"

कोड माझा नव्हता, पण हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? तेच पुढं म्हणाले, "आमच्यात एंट्री घेणारा घड्याळ बघत नाही ओ, पडदा बघतो."

मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करून जे सांगतेय, ते यांनी एका वाक्यात संपवलं. राग आलाच थोडा.

आता पडदा एलिमेंटच्या ॲनिमेट मेथडनं सरकवते, तिच्या फिनिश्ड प्रॉमिसवर ('संपलं की कळवतो' या वचनावर) अवेट करते आणि मगच नाव आणते. उशीर झाला तर सगळ्यालाच होतो, क्रम मोडत नाही.

यावर तुमचं पुढचं ठरलेलं: "मग ट्रान्झिशनएंड का नको?" म्हणजे सीएसएसनं (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेनं) केलेलं ट्रान्झिशन, हळूहळू होणारा बदल, संपल्यावर ब्राउझर देतो ती सूचना, इव्हेंट. कमी हालचालीचं सेटिंग लावलेल्या माणसासाठी तुम्ही ट्रान्झिशन बंद केलंत, की ती इव्हेंट येतच नाही आणि बटण कायमचं गायब. ॲनिमेटला कालावधी शून्य दिला तरी फिनिश्ड पुरं होतं.

जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या दिवसांतली मी इथं हसली असती. कॉलबॅकमध्ये (काम संपल्यावर चालवायच्या फंक्शनमध्ये) कॉलबॅक घालून तिचंही भागत होतंच की. तिला गप्प करेल असं उत्तर माझ्याकडे नाही. शिवाय माझ्या पद्धतीतही काटे आहेत: मध्येच कॅन्सल केलं तर फिनिश्ड एरर फेकतं, तो पकडावा लागतो. आणि नुसती तीन चित्रं ओळीनं उमटवायची असतील तर मीसुद्धा सीएसएसमधला ॲनिमेशन डिले लावून मोकळी होते.

पडदा सरकत असतानाच कोणी क्लिक केलं तर तो तिथंच रद्द करायचा की पुरा होऊ द्यायचा, यावरून डिझायनरशी माझं अजून वाजतं. मी रद्द करते.