तुम्ही विचारलंत म्हणून: झाडापासूनचे दिवे कधी येणार?

'तू ते झाडापासून उजेड देणारं प्लास्टिक बनवायचीस ना, मग त्याचे दिवे कधी येणार?' लग्नात विचारतात, लिफ्टमध्ये विचारतात, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, माझं तोंड उघडं आणि आत ड्रिल. आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहून टाकते.

मक्याची बुरकुंडं, उसाची चिपाडं आम्लात शिजवली की फरफ्युराल नावाचा द्रव मिळतो. यात नवं काही नाही, 1920च्या दशकात क्वेकर ओट्सवाले ओटच्या टरफलांपासून तो कारखान्यात काढायचे. त्यातून येणारं फ्युरानचं कडं (चार कार्बन, एक ऑक्सिजन) आम्ही पेट्रोलियममधून येणाऱ्या बेंझीनच्या जागी पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या लांब रेणूच्या, साखळीत ओवायचो. बाकी डिव्हाइस तोच, 1990 मध्ये केंब्रिजला पीपीव्ही नावाच्या पॉलिमरमधून पिवळा-हिरवा उजेड काढला तसा, दोन इलेक्ट्रोडच्या मधे एक पातळ थर.

आता तो दिवस. ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे लावलेल्या हवाबंद पेटीत, नायट्रोजनमध्ये, 7 व्होल्टला आमचा पहिला धड डिव्हाइस लागला. नखाएवढा चौकोन, निळसर हिरवा. बाहेर सर आणि दोन पाहुणे, काचेतून नीट दिसत नाही म्हणाले. आणि मी, सील केलेला नाही हे पक्कं माहीत असून, तो बाहेर काढला. हौस, दुसरं काय. टेबलावर वायरी लावल्या, लागला, सगळे वाकले. मग कडेला टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका आला, मग अजून एक, मग मधोमध तीन. एक पाहुणे म्हणाले, 'हे डिझाइन आहे का?' मी व्होल्टेज वाढवलं, जे अजिबात करायचं नव्हतं, तो क्षणभर फडफडला आणि ठिपके एकमेकांत मिसळायला लागले. पाच मिनिटंही झाली नसतील. 'व्हेरी गुड, व्हेरी गुड' करत ते पुढच्या लॅबकडे गेले, सर माझ्याकडे न बघता त्यांच्या मागे.

वर्षभर मी सगळ्यांना सांगत सुटले की दोष पॉलिमरचा नव्हताच, कॅल्शियमच्या कॅथोडला, म्हणजे ऋण इलेक्ट्रोडला, हवेतली ओल लागली, पेट्रोलियमवाला असता तरी असाच गेला असता. खरंय ते. पण नंतर नुसत्या फिल्म्स, आमची आणि नेहमीची, हवेत यूव्हीखाली, म्हणजे अतिनील प्रकाशात, शेजारी शेजारी ठेवल्या तर फ्युरानवाली आधी फिकी पडली. उजेड आणि ऑक्सिजन एकत्र आले की ते कडं फुटतं. हे मात्र मी कुणाला सांगत नव्हते, कुणी विचारलंही नव्हतं म्हणा.

आणि पर्यावरणाचं म्हणाल, तर 100 नॅनोमीटरचा थर चौरस मीटरला जेमतेम 0.1 ग्रॅम भरतो, खालची काच दीड किलोच्या वर. त्या 0.1 ग्रॅममधलाही निम्मा भाग फ्लुओरीनचा (fluorene, टूथपेस्टमधलं फ्लोरीन नव्हे), म्हणजे कोळशाच्या डांबरातला. वर साखळी जोडायला पॅलेडियम, विरघळवायला क्लोरोबेंझीन, पारदर्शक इलेक्ट्रोडला इंडियम. मग पोस्टरवर 'शेतातून उजेड' कुणी लिहिलं? मीच. खाली यूव्हीत चमकणाऱ्या बाटलीचा फोटो, जणू चमकणं आणि विजेवर लागणं एकच. अहो, पाल्याचा हिरवा रस स्पिरिटमध्ये काढला तर तोही यूव्हीत लालभडक चमकतो.

तेव्हाची मी यावर भांडली असती. म्हणाली असती, फ्युरानची कडी एकमेकांशी सपाट बसतात, थायोफीनपेक्षा, म्हणजे ऑक्सिजनच्या जागी गंधक असलेल्या कड्यापेक्षा, जास्त चमकतात, झाडाचं सोड, रेणू म्हणूनच ते भारी आहे. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. पण मग पैसे मागताना झाडाचं नाव का पुढे केलंस बाई?

तो विझलेला तुकडा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, काळ्या कागदात गुंडाळून. हे लिहायच्या आधी काढला, काचेच्या बाजूने यूव्ही टॉर्च मारला. चमकतोय. ठिपके होते तिथेसुद्धा.